सुरत काँग्रेस : न मोजलेल्या मतांची गोष्ट

मराठी माणूस आणि सुरत म्हटले की दोन सने लगेच आठवतात, १६६४ आणि १६७०. शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आपण शाळेत शिकलो. इथल्या गुजराती मित्रांनी त्यावरून चिडवले तर काय बोलायचे, हेही प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवून ठेवलेले असते. पण याच शहरात, तापीच्या काठी, मराठी माणसांच्या भांडणाने देशाच्या राजकारणाचे दोन तुकडे झाले, ती तारीख फारशी कुणाच्या लक्षात नसते. २७ डिसेंबर १९०७. हजीऱ्याहून बसने तास-सव्वा तासात जिथे पोहोचता येते त्या गावात हे घडले. ज्यांनी १८९३-९४ पासून गणेशोत्सव घरातून चौकात आणला ते लोकमान्य त्या प्रसंगाच्या मध्यभागी उभे होते. तेव्हा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय अस्थानी ठरणार नाही असे वाटते.

हा विषय निवडण्याचे दुसरेही कारण आहे, ते आधीच सांगतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आपल्या मंडळातल्या काही घरांमध्ये बोलणे कमी झाले. निवडणूक आपल्याकडे विचित्रच झाली होती. सुरत मतदारसंघात २२ एप्रिललाच उमेदवार बिनविरोध निवडून आला, त्यामुळे कतारगाम-वराछाकडच्या आपल्या नातेवाइकांना मतदान करायचेच नव्हते. आपण हजीरा-चोर्यासीचे लोक नवसारी मतदारसंघात, म्हणून ७ मे रोजी आपण रांगेत उभे राहिलो. एकाच कुटुंबातल्या एका भावाच्या बोटाला शाई आणि दुसऱ्याच्या नाही, यावरून आधी थट्टा झाली आणि ४ जूनला निकाल लागल्यावर थट्टेची जागा वादाने घेतली. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘फक्त अॅडमिन’ करावे लागले. त्या वर्षी आरतीच्या पाळ्या लावताना कोण कुणाबरोबर उभा राहणार नाही याचाही हिशोब ठेवावा लागला. मी राज्य सरकारचा नोकर आहे, कुणाची बाजू घ्यायला मोकळा नाही आणि या लेखात घेणारही नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या भांडणाबद्दल बोलायला कुणाची हरकत नसावी.

आता मूळ प्रकरण. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि तिच्याविरुद्ध स्वदेशी व बहिष्काराची चळवळ उसळली. १९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या अधिवेशनात दादाभाई नौरोजी अध्यक्ष होते. त्या वेळी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले. दादाभाई तेव्हा ऐंशी ओलांडलेले, दोन्ही पक्षांना वंद्य. त्यांच्या शब्दाखातर ठराव झाले खरे, पण मवाळ मंडळींना ते मनापासून पटले नव्हते. सर फिरोजशहा मेहता, नामदार गोखले, दिनशा वाच्छा, बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना वाटत होते की ही भाषा झेपणारी नाही, सरकार चिडेल, येऊ घातलेल्या सुधारणा हातच्या जातील. टिळक, लाला लजपतराय, बिपिनचंद्र पाल, अरविंद घोष यांना वाटत होते की नुसत्या अर्ज-विनंत्यांचे दिवस संपले. ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द त्या काळातले. पैकी ‘मवाळ’ हा शब्द आपल्याकडे पुढे शिवीसारखा वापरला गेला, त्यामुळे गोखल्यांसारख्या माणसाकडेही आपण नकळत तिरक्या नजरेने पाहतो.

पुढचे अधिवेशन नागपूरला भरायचे होते. नागपुरात जहालांचा जोर होता आणि टिळकांना अध्यक्ष करावे अशी त्यांची इच्छा होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अध्यक्षाचे नाव ठरवायला स्वागत समितीत तीन-चतुर्थांश बहुमत लागे. ते कुणाकडेच जमेना आणि बैठकी गोंधळात उधळल्या. तेव्हा मेहतांच्या मुंबईच्या घरी अखिल भारतीय समितीची बैठक होऊन अधिवेशन सुरतेला हलवले गेले. ही तारीख १० नोव्हेंबर १९०७. अधिवेशनाला दीड महिना उरला होता.

सुरतच का, याचे उत्तर सोपे आहे. इथे मेहतांचा शब्द चालत असे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई प्रांतिक परिषद सुरतेलाच भरली होती आणि तिथे बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण हे विषय मेहतांनी बाहेर ठेवले होते. शिवाय सुरत मुंबई इलाख्यात. यजमान प्रांताचा माणूस अध्यक्ष होत नाही असा रिवाज असल्यामुळे टिळकांचे नाव आपोआप बाजूला पडले. मवाळांनी कलकत्त्याचे नामांकित वकील डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव पुढे केले. जहालांनी मग लाला लजपतराय यांचे नाव घेतले. लालाजी मंडालेच्या हद्दपारीतून नुकतेच सुटून आले होते आणि देशभर त्यांच्याविषयी जिव्हाळा होता. खुद्द लालाजींनीच माझ्या नावावरून फूट नको म्हणून नकार दिला. म्हणजे अधिवेशनाच्या दिवशी उमेदवार एकच उरला होता. भांडण आता नावाचे नव्हते, नावाआडून ठरावांचे होते.

रासबिहारी घोषांबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जहालांचा मोठा आक्षेप हा की हे लोक राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव पातळ करणार. आणि बंगालमध्ये १९०६ साली जी राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष हेच रासबिहारी घोष. त्या परिषदेच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य अरविंद घोष, म्हणजे सुरतेतले त्यांचे कट्टर विरोधक. जाधवपूर विद्यापीठाचे मूळ याच संस्थेत आहे. ज्या कामासाठी दोघे एका संस्थेत होते, त्याच कामाच्या ठरावावरून सुरतेत ते दोन टोकांना बसले. निवडणुकीत हे नेहमी होते. समोरच्याने आयुष्यात काय केले ते विसरायला होते, आणि तो आज कुणाच्या कंपूत बसला आहे एवढेच दिसते.

टिळक २३ डिसेंबरला सुरतेत आले. दुसऱ्या दिवशी जहालांच्या सुमारे पाचशे प्रतिनिधींची वेगळी बैठक अरविंदांच्या अध्यक्षतेखाली झाली. टिळकांबरोबर अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, नागपूर-वऱ्हाडची बरीच मंडळी होती. त्यांची मागणी अशी होती की कलकत्त्याच्या चार ठरावांवरून मागे हटणार नाही असे आश्वासन द्या, लालाजींबद्दलच्या लोकभावनेचा मानाने उल्लेख करा, आम्ही अध्यक्षाच्या निवडीला विरोध सोडतो. माझ्या मते ही मागणी अवास्तव नव्हती. २६ तारखेच्या सकाळी टिळक सुरेंद्रनाथांना जाऊन भेटले आणि टिळकपक्षाच्या निवेदनाप्रमाणे सुरेंद्रनाथांनी तयारीही दाखवली. प्रश्न राहिला स्वागताध्यक्षांचा. सुरतचे त्रिभुवनदास माळवी हे स्वागताध्यक्ष. त्यांच्याशी टिळकांची गाठ काही पडली नाही. ती भेट त्या सकाळी झाली असती तर पुढचे टळले असते का, यावर पैजा लावणारे दोन्हीकडे निघतील. मला वाटते बरेचसे टळले असते.

ठरावांचे मसुदेही वेळेवर मिळाले नाहीत. गोखल्यांनी तयार केलेला मसुदा जहालांच्या हाती पडला तो अगदी शेवटच्या घटकेला, आणि त्यात शब्द बदललेले दिसले. कलकत्त्याच्या ठरावात ‘बहिष्काराची चळवळ’ न्याय्य म्हटली होती, सुरतेच्या मसुद्यात ‘विदेशी मालावरचा बहिष्कार’ असे होते. वाचणाऱ्याला फरक किरकोळ वाटेल. पण ‘चळवळ’ या शब्दात सरकारी नोकऱ्या, कोर्ट, शाळा यांवरचा बहिष्कारही बसत होता, ‘विदेशी माल’ म्हटल्यावर गोष्ट मँचेस्टरच्या कापडापुरती उरली. स्वदेशीच्या ठरावातले, थोडी तोशीस सोसूनही देशी मालच घ्यावा, अशा अर्थाचे शब्दही मसुद्यात नव्हते. गोखल्यांनी नंतर खुलासा केला की काही मुद्दाम गाळलेले नाही. गोखल्यांचा स्वभाव पाहता मी तो खुलासा खरा मानतो. पण सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या कुणालाही विचारा, बैठकीचा कागद जर बैठकीच्या टेबलावरच वाटला तर त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी कुणी त्याला चूक म्हणत नाही, डाव म्हणतात.

मांडव तापीकाठच्या फ्रेंच बागेत घातला होता. सोळाशेच्या आसपास प्रतिनिधी आणि प्रेक्षक वेगळे. २६ डिसेंबरला दुपारी अडीचच्या सुमारास काम सुरू झाले. माळवींचे स्वागताचे भाषण झाले. अहमदाबादचे दिवाणबहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. घोषांचे नाव सुचवले. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ उठले आणि आरडाओरडा सुरू झाला. नागपूर आठवा, मिदनापूर आठवा, अशा आरोळ्या उठल्या. मिदनापूरच्या जिल्हा परिषदेत सुरेंद्रनाथांचे आणि तिथल्या तरुणांचे त्याच महिन्यात खटके उडाले होते, त्याचा हा राग. सुरेंद्रनाथ त्या काळचे फर्डे वक्ते, त्यांना गप्प करणे सोपे नव्हते. ते टेबलावर चढून बोलू लागले, तरी आवाज पोहोचेना. माळवींनी सभा दुसऱ्या दिवसावर ढकलली. टिळकांनी त्या दिवशी काही केले नव्हते, पण आपल्या बाजूच्या लोकांना आवरलेही नव्हते. इथे मला लोकमान्यांचा अभिमान बाजूला ठेवून लिहावे लागते.

२७ तारखेला दुपारी एक वाजता सभा पुन्हा बसली. काम सुरू होण्यापूर्वी टिळकांनी माळवींकडे पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी पाठवली. तिचा आशय असा होता की अनुमोदन झाल्यावर अध्यक्षांच्या निवडीच्या ठरावावर मला प्रतिनिधींशी बोलायचे आहे, तहकुबीची सूचना मांडायची आहे आणि विधायक प्रस्तावही द्यायचा आहे, तरी माझे नाव पुकारावे. चिठ्ठीला उत्तर आले नाही. त्यांनी आठवण पाठवली. तिलाही नाही. सुरेंद्रनाथांनी आदल्या दिवशीचे भाषण पुरे केले, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, माळवींनी ठराव मताला टाकला. मांडवात ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन्ही आवाज उठले. माळवींनी डॉ. घोष निवडून आल्याचे जाहीर केले आणि डॉ. घोष खुर्चीवर येऊन बसले.

या लेखाचा विषय खरे म्हणजे हीच अर्धी-पाऊण मिनिटे आहेत. मते मोजली गेली नाहीत. मवाळांच्या निवेदनात म्हटले आहे की प्रचंड बहुमताने निवड झाली. जहालांच्या निवेदनात म्हटले आहे की निवड रीतसर झालीच नाही. दोघेही प्रामाणिक असू शकतात, कारण आवाजी मतदानात ज्याला जे ऐकायचे असते तेच ऐकू येते. माझा स्वतःचा अंदाज असा की मोजणी झाली असती तरी डॉ. घोषच निवडून आले असते. नंतर मवाळांच्या सभेला जमलेली संख्या पाहता सुरतेत बहुमत त्यांचे होते असे दिसते. म्हणजे ज्यांची मते जास्त होती त्यांनीच मोजण्याची तसदी घेतली नाही. जिंकणाऱ्याला मोजणीची गरज कधीच वाटत नाही. मोजणी हरणाऱ्यासाठी असते.

निवडणुकीच्या ड्यूटीवर मी आतापर्यंत अनेकदा गेलो आहे, प्रिसायडिंग म्हणूनही. बाहेरच्यांना वाटते की आमचे काम म्हणजे यंत्राचे बटण दाबून देणे. निम्मे काम कागदाचे असते. मतदानाआधी दीड तास पोलिंग एजंटांसमोर निदान पन्नास मतांचे मॉक पोल घ्यायचे, त्यांना निकाल दाखवायचा, मग यंत्र कोरे करून सील करायचे. संध्याकाळी एकूण किती मते पडली त्याचा सतरा-सी नंबरचा फॉर्म भरून प्रत्येक एजंटाला त्याची प्रत द्यायची. एखाद्या एजंटाला एखाद्या मतदाराच्या ओळखीबद्दल शंका आली तर तो दोन रुपये भरून हरकत घेऊ शकतो, आणि प्रिसायडिंगला तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय द्यावा लागतो. दोन रुपये! पावतीबुक पिशवीत असते, बहुतेक वेळा कोरेच परत जाते. पण ते पिशवीत असते म्हणून एजंट दिवसभर शांत बसतो. सुरतेच्या मांडवात हे दोन रुपयांचे पावतीबुक नव्हते. टिळकांची चिठ्ठी हीच काय ती पावती, आणि ती खिशात राहिली.

पुढचे प्रसिद्धच आहे. डॉ. घोष अध्यक्षीय भाषण सुरू करीत होते, तेवढ्यात टिळक व्यासपीठावर चढले. माळवी म्हणाले, तुम्हाला बोलता येणार नाही. डॉ. घोष म्हणाले, तुमची सूचना नियमबाह्य आहे. टिळकांनी उत्तर दिले की तुमची निवडच रीतसर झालेली नाही, मी प्रतिनिधींकडे दाद मागतो. आणि हाताची घडी घालून ते सभेकडे तोंड करून उभे राहिले. काही तरुण त्यांना ओढायला धावले. त्या वेळी गोखले उठले आणि दोन्ही हात पसरून टिळकांच्या आड उभे राहिले. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे बसला होता, त्याने १९०८ मध्ये छापलेल्या पुस्तकात हे स्वतः पाहिलेले लिहून ठेवले आहे. शाळेच्या पुस्तकात आपल्याला जोडा शिकवला, गोखल्यांचे पसरलेले हात नाही शिकवले.

जोडा मात्र आलाच. लालसर कातड्याचा, टोकदार, तळव्याला खिळे ठोकलेला, अस्सल पुणेरी घाटाचा. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून सर फिरोजशहांवर आदळला. कुणी फेकला ते आजवर कळलेले नाही. मवाळ म्हणाले, जहालांनी मेहतांवर फेकला. जहाल म्हणाले, तो टिळकांवर रोखलेला होता, नेम चुकला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, फेटे सुटले. टिळकांना त्यांच्या माणसांनी मागच्या बाजूने बाहेर नेले आणि पोलिसांनी मांडव रिकामा केला. काठ्या कुणी आणल्या यावर दोन्ही बाजूंनी नंतर पानेच्या पाने लिहिली. एका बाजूने नागपूरकरांकडे बोट दाखवले, दुसऱ्या बाजूने भाडोत्री गुंडांकडे.

अरविंदांनी पुढे पाँडिचेरीत असताना लिहिले की काँग्रेस मोडण्याकडे नेणारी आज्ञा टिळकांना न विचारता आपणच दिली होती. म्हणजे ज्या फुटीचे खापर आयुष्यभर टिळकांच्या माथ्यावर राहिले, ती त्यांना नको होती असे मानायला जागा आहे. त्यांची आधीची धडपड आणि चिठ्ठीतले ‘विधायक प्रस्ताव’ हे शब्दही तेच सांगतात. पण पुढाऱ्याच्या मागे उभे राहिलेले लोक पुढाऱ्यापेक्षा नेहमी दोन पावले पुढे असतात, हे आपण आजही पाहतो. (जाता जाता : सुरतेहून अरविंद बडोद्याला गेले आणि तिथे विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना ध्यानाची दीक्षा दिली. एवढ्या दंग्यानंतर आठवड्याभरात ध्यान! पण तो वेगळा विषय.)

२८ तारखेला मवाळांनी त्याच मांडवात आपले वेगळे ‘कन्व्हेन्शन’ भरवले. वसाहतींसारखे स्वराज्य हे ध्येय आणि सनदशीर मार्ग हेच साधन, अशा कागदावर सही करील त्यालाच आत प्रवेश. नऊशेवर लोकांनी सह्या केल्या. ज्यांच्या नावासाठी जहालांनी एवढा आग्रह धरला ते लालाजीही त्या सभेला गेले. जहालांनी आपली सभा शहरात वेगळी घेतली. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादेत मवाळांनी काँग्रेसची नवी घटना केली. तिच्या पहिल्या कलमावर सही केल्याशिवाय कुणालाही प्रतिनिधी होता येणार नव्हते. दार लावले आणि कडीही घातली. जहालांनीही परतण्यासाठी लगेच काही घाई केली नाही, हेही खरे.

सरकारला आणखी काय हवे होते? व्हाइसरॉय मिंटोने सुरतेच्या मोडतोडीत आपला मोठा विजय पाहिला. पुढच्या सात महिन्यांत जे झाले त्याची यादीच पुरेशी आहे. मार्च १९०८, तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्लै यांना अटक. मे महिन्यात अरविंद अटकेत. जूनमध्ये वर्तमानपत्रांविरुद्ध नवा कायदा. २४ जूनला टिळकांना अटक, २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपेही त्याच जुलैत तुरुंगात गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी टिळकांसाठी सहा दिवस संप केला, म्हणजे सहा वर्षांसाठी सहा दिवस. काँग्रेस एकसंध असती तर सरकारने हे केले नसते असे मी म्हणत नाही, पण इतके निर्धास्तपणे केले नसते. आणि मवाळांच्या हाती तरी काय लागले? ज्या सुधारणांसाठी त्यांनी एवढे सांभाळून घेतले, त्या १९०९ मध्ये आल्या त्या स्वतंत्र मतदारसंघ घेऊन.

घरोघरची झळ इतिहासात फारशी नोंदली जात नाही. पुण्यात टिळक आणि गोखले एका शहरात राहणारे, एकेकाळी एकाच डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवणारे. त्यांचे विद्यार्थी एकमेकांचे सोयरे, शेजारी, भाडेकरू. कोणत्या घरात कोणते वर्तमानपत्र येते यावरून ते घर कुणाचे ते ठरू लागले. सार्वजनिक सभेतून दुखावून बाहेर पडलेल्यांनी १८९६ मध्येच डेक्कन सभा काढली होती, म्हणजे चीर जुनीच होती. सुरतेने तिची भिंत केली. मराठी माणसांची ही खोड नवी नाही, आणि परमुलखात राहूनही ती सुटत नाही. आपल्याच पट्ट्यात एकाच गावात दोन-दोन मराठी मंडळे का आहेत, ते जाणत्यांना माहीत आहे.

मते नीट मोजली असती तर सगळे निभावले असते का? तसेही नाही. त्याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. बारडोलीकडे तापीकाठी हरिपुरा आहे, तिथे फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि सुभाषबाबू अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी ते पुन्हा उभे राहिले. या वेळी खरीखुरी लढत झाली आणि मते मोजली गेली. २९ जानेवारी १९३९ रोजी सुभाषबाबूंना १५८० आणि डॉ. पट्टाभी सीतारामय्यांना १३७७ मते पडली. आकड्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तरी गांधीजींनी हा पराभव आपला मानला, कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले आणि एप्रिलअखेर निवडून आलेल्या अध्यक्षालाच पद सोडावे लागले. सुरतेत जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्याला बोलू दिले नाही, १९३९ मध्ये हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला काम करू दिले नाही. नियम पाळूनही माणसे एकमेकांना चालवून घेत नसतील तर प्रिसायडिंगच्या पिशवीत त्यावर काही औषध नाही.

टिळक जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटले. लगेच अॅनी बेझंट वगैरे मंडळींनी दिलजमाईची खटपट सुरू केली. गोखले आधी अनुकूल होते. मग टिळकांच्या हेतूंबद्दल त्यांच्या मनात शंका आली, ती त्यांनी बंगालचे भूपेंद्रनाथ बसू यांना पत्राने कळवली, पत्रातला मजकूर फुटला आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्रे पेटली. सात वर्षांनंतरही जखम तितकीच ओली होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, अवघे ४८ वर्षांचे. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. निरोप मिळताच ते खाली उतरले, स्मशानात आले आणि चितेसमोर उभे राहून गोखल्यांविषयी अतिशय गौरवाने बोलले. जमलेल्यांना त्यांनी सांगितले की याच्यासारखे काम करा. हे शब्द दोन महिने आधी, समोरासमोर बसून बोलता आले असते. पण तशी संधी कुणी कुणाला दिली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सर फिरोजशहाही गेले. डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनात घटनेचे कलम सैल केले गेले. १९१६ च्या उन्हाळ्यात बेळगावच्या प्रांतिक परिषदेत टिळकांनी काँग्रेसमध्ये परत जाण्याचा ठराव करून घेतला. तिथेही त्यांच्या पक्षातले काही तरुण नाखूश होते, मवाळांच्या दारात पुन्हा जायचे कशाला म्हणत होते. टिळकांनी त्यांची समजूत घातली. साठीला आलेल्या माणसाने आपल्याच अनुयायांशी वाद घालून घेतलेला हा निर्णय सुरतेतल्या उभे राहण्यापेक्षा मला अधिक कठीण वाटतो.

डिसेंबर १९१६, लखनौ. टिळक महाराष्ट्रातून आपल्या मंडळींसह खास आगगाडीने गेले. वाटेत स्टेशनास्टेशनवर गर्दी होती. अध्यक्ष होते अंबिकाचरण मुजुमदार, सुरेंद्रनाथांच्याच पठडीतले मवाळ, आणि त्यांच्या निवडीला या वेळी कुणी हरकत घेतली नाही. त्या व्यासपीठावर टिळक आणि खापर्डे बसले होते, आणि जवळच रासबिहारी घोष आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी. सुरतेच्या मांडवात एकमेकांवर ओरडलेली माणसे नऊ वर्षांनी एका रांगेत. गोखले नव्हते, मेहताही नव्हते.